तूप कॉफी, एमसीटी तेल आणि तयार केटो सॅशे: पैसे कशावर घालवावेत आणि कशावर नाही

आधीच सांगतो, हा एका वस्तूचा नाही, तिघांचा रिव्ह्यू आहे. घरचं तूप घालून केलेली काळी कॉफी, एमसीटी तेलाची (म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीच्या तेलाची) बाटली आणि ऑनलाइन मिळतात ते 'केटो कॉफी' छापलेले तयार सॅशे. केटो म्हणजे कार्ब जवळजवळ बंद करून चरबीवर चालणारा आहार. कंपनीचं नाव कुणाचंच घेणार नाहीये कारण सॅशेबद्दल बरंच वाईट लिहायचंय आणि तसंही त्या रांगेतले सगळे एकमेकांचे भाऊबंदच आहेत, पाकीट उलटं करून बघितलं की कळतं.

हे प्रकरण आलं कुठून ते थोडक्यात. डेव्ह अ‍ॅस्प्री नावाचा एक अमेरिकन माणूस 2004 साली तिबेटात कैलासाच्या बाजूला ट्रेकला गेला होता, थंडीने पार गारठला, तिथे त्याला याकच्या लोण्याचा चहा मिळाला आणि एकदम तरतरी आली म्हणे, मग घरी येऊन त्याने चहाच्या जागी कॉफी आणि लोण्यासोबत एमसीटी तेल असं करून 2009 मध्ये रेसिपी इंटरनेटवर टाकली, नाव ठेवलं बुलेटप्रूफ कॉफी, पुढे त्याचीच कंपनी झाली. आता तिबेटी माणूस तो चहा मीठ घालून पितो आणि तीन-चार हजार मीटर उंचीवरच्या थंडीत ढोरमेहनत करून पितो. आपण पितो ते ऑफिसच्या एसीत खुर्चीवर बसून, हा फरक कुठल्याच रीलमध्ये सांगत नाहीत. इथिओपियात ओरोमो लोकांत तर कॉफीची फळं लोण्यात परतून खायची जुनी पद्धत आहे. त्यामुळे कॉफी आणि लोणी एकत्र आलं यात काही जगावेगळं नाही. जगावेगळे आहेत ते दावे, की याने पोटावरची चरबी जळते, फास्टिंग मोडत नाही, मेंदू घोड्यासारखा पळतो वगैरे. आपल्याकडे लोण्याच्या जागी तूप आलं, दोन-चार हिरॉइनींनी इंटरव्ह्यूत सांगितलं आणि मग काय, जिममधल्या प्रत्येक ट्रेनरदादाचा सकाळचा डोस हाच झाला.

तर पहिल्यांदा घरची तूप कॉफी. चव? खरं सांगू, चांगली लागते. मला वाटलं होतं तेवढी विचित्र अजिबात नाही. साय कढवून केलेलं रवाळ तूप असेल आणि कॉफी कडक असेल तर एक खमंग, थोडासा तूप कढवल्यावर तळाला उरते त्या बेरीसारखा वास येतो आणि कडूपणा बराच मऊ होतो, साखर नसली तरी चालते. पण नुसतं चमच्याने ढवळून प्यायलात तर पहिल्या घोटात सगळं तूप ओठांना आणि खाली नुसती कॉफी. वर तवंग येतो, सोनेरी ठिपके ठिपके, मिसळीवरच्या तर्रीसारखे, आणि ते मिशीला लागतं ते वेगळंच. याचं कारण असं की लोण्यात थोडं पाणी, थोडी दुधाची प्रथिनं राहिलेली असतात, ती चरबी आणि पाणी धरून ठेवायला मदत करतात, तुपात ते सगळं कढवून बाहेर गेलेलं असतं. म्हणून अमेरिकन लोणीवाली कॉफी कॅफेतल्या लाते कॉफीसारखी फेसाळ होते आणि आपली तूपवाली दहा मिनिटांत परत वेगळी व्हायला लागते. फेटून लगेच प्यायची, टेबलावर ठेवून मेल वाचत बसायचं नाही.

आणि मिक्सरमध्ये फिरवू नका हो. गरम कॉफी बंद भांड्यात घालून फिरवली की वाफ कोंडते आणि झाकण उडतं. आमच्या किचनच्या टाइल्सवर त्याचे डाग महिनाभर होते, बायकोने ते मुद्दाम पुसले नाहीत. बॅटरीवर चालणारा हातातला फ्रॉदर मिळतो, तो घ्या.

आता मुख्य मुद्दा, अंगात गेल्यावर काय होतं. आमच्या घरी आईचा ग्लुकोमीटर आहे, तर साहजिकच बोट टोचून बघितलं. साखरेचा चहा आणि बिस्किटं खाल्ल्यावर तासाभराने आकडा चांगलाच वर जातो, तूप कॉफीनंतर जेमतेम हलला. ट्रेनर लोक हेच दाखवून सांगतात की बघा, इन्सुलिन वाढलंच नाही म्हणजे उपास चालूच आहे. पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. नुसत्या चरबीने साखर वाढत नाही आणि इन्सुलिनही फारच थोडं वाढतं, कप भरून काळी कॉफी आणि तूप यात कार्ब जवळजवळ शून्य, तर वाढणार कशाने? पण त्यावरून चरबी जळतेय हा जो उडी मारून काढलेला निष्कर्ष आहे ना, तिथे सगळी गोम आहे. एक टेबलस्पून तूप म्हणजे 14 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सव्वाशे कॅलरी. त्यात एक टेबलस्पून एमसीटी घातलं की आणखी 115 एक. झाल्या 240. मूळ अमेरिकन रेसिपीत लोणी आणि एमसीटी दोन-दोन मोठे चमचे घातले तर सव्वाचारशेच्या वर. ही चरबी पोटात गेल्यावर शरीर पहिल्यांदा तीच वापरणार ना, कमरेवरची कशाला काढेल? घरात ताजा भाजीपाला आलेला असताना फ्रीजरमधलं कोण काढतं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात त्यातला प्रकार आहे हा, फक्त साबुदाण्याच्या खिचडीऐवजी कपात.

दीक्षित डाएट करणारे बरेच जण विचारतात की मधल्या वेळेत तूप कॉफी चालते का. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत म्हणजे दिवसातून दोनदा, 55 मिनिटांच्या आत जेवायचं आणि मध्ये पाणी, पातळ ताक, बिनदूध-बिनसाखरेचा चहा एवढंच. तिथे भर इन्सुलिनवर आहे त्यामुळे लोकांना वाटतं तूप चालून जाईल. माझं मत विचाराल तर 240 कॅलरी म्हणजे नाश्ताच झाला, मग तो ताटात असो की मगात. दोन जेवणांच्या मध्ये प्यायलात तर तुमची तीन जेवणं झाली, सरळ हिशोब.

मग काहीच फायदा नाही का? आहे, पण तो कपात काय आहे यापेक्षा कप आल्यामुळे ताटातून काय गेलं यात आहे. माझ्या ऑफिसातला एक जण सकाळी दोन चहा साखरेचे, बरोबर खारी, मग अकराला वडापाव असा खायचा. त्याने ते सगळं बंद करून तूप कॉफी धरली, दुपारपर्यंत त्याला भूक लागत नाही आणि वजन उतरलं. उतरणारच! मैदा, साखर, तळण एकदम गेलं. तो श्रेय देतो तुपाला. दुसरा एक जण आहे तो पोहे खातो आणि वर ही कॉफी पण पितो, पौष्टिक म्हणून. त्याचं वजन कुठल्या दिशेला गेलं ते सांगायला नको.

भूक मरते हे मात्र खरं आहे, मलाही जाणवलं. चरबी आतड्यात पोचली की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, पोट भरल्याचा निरोप देणारे हार्मोन सुटतात. शिवाय कॉफीने स्वतःच थोडा वेळ भूक दबते. फक्त या कपात प्रोटीन शून्य आहे, फायबर शून्य आहे. दोन उकडलेली अंडी खाल्लीत तर 12 ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि कॅलरी दीडशेच्या आसपास. नाश्ता म्हणून तुलना करायची तर अंडी किंवा मुगाचं धिरडं केव्हाही पुढे. जिमवाल्यांनी तरी हे समजून घ्यायला हवं, एकीकडे प्रोटीन पावडरवर हजारो रुपये घालवतात आणि सकाळचं पहिलं खाणं असं.

आता एमसीटी तेलाकडे येतो कारण खरी गंमतीची गोष्ट ही आहे. तूप, शेंगदाणा तेल, सूर्यफूल या सगळ्यात बहुतेक चरबी लांब साखळीची असते. ती आतड्यातून सरळ रक्तात जात नाही, आधी लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने फिरून मग रक्तात येते. एमसीटीची साखळी मधल्या लांबीची, मुख्यतः आठ आणि दहा कार्बनची, ती थेट यकृताकडे जाते आणि तिथे पेशींच्या भट्टीत शिरायला तिला कार्निटीनचा (चरबी आत नेणाऱ्या रेणूचा) गेटपास फारसा लागत नाही, त्यामुळे झटपट जळते आणि कीटोन, म्हणजे साखरेऐवजी शरीर वापरतं ते चरबीपासूनचं इंधन, तयार होतात. हे काही रीलवाल्यांनी शोधलेलं नाही. ज्यांना चरबी पचत नाही अशा पेशंटना हॉस्पिटलात एमसीटी 1950च्या दशकापासून देतायत, आणि लहान मुलांच्या फिट्ससाठी जो किटोजेनिक आहार 1921 पासून आहे त्यात 1971 मध्ये एमसीटीवाली पद्धत आली. म्हणजे माल खरा आहे, औषधी आहे, थोतांड नाही.

पण तेच तूप कॉफीला चिकटवतात तिथे घोळ होतो. तुपात आठ आणि दहा कार्बनवाली चरबी मिळून अगदी थोडी, बाकी सगळी लांब साखळीची. खोबरेल तेलाचंही तेच, त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, ते कागदोपत्री मध्यम साखळीत बसवतात पण शरीरात बरंचसं लांब साखळीसारखं वागतं. त्यामुळे 'तूप कॉफीने कीटोसिस होतो', म्हणजे रक्तात कीटोन वाढतात, हे वाक्य कोणी म्हणालं की समजायचं यांनी एमसीटीचे गुण तुपाच्या खात्यावर जमा केलेत. कीटोन वाढलेच तर ते रात्रभराच्या उपाशीपोटामुळे आणि थोडे कॉफीमुळे. हो, कॉफीमुळे! कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठाने 2017 मध्ये दहा जणांवर एक छोटा प्रयोग छापला, कॅफीनने शरीरातली चरबी सुटी होऊन रक्तात येते आणि नाश्ता केलेला असूनही काही तास कीटोन जवळजवळ दुप्पट झाले. आकडा दुप्पट ऐकायला भारी वाटतो, पण मूळ आकडा इतका लहान की दुप्पट होऊनही लहानच. म्हणजे जी काही जादू आहे ती नुसत्या काळ्या कॉफीत पण आहे, फुकट, शून्य कॅलरीत.

आणि एमसीटीने वजन? प्रयोगांची एकत्र आकडेमोड 2015 मध्ये झाली होती, सरासरी फरक निघाला अर्धा किलो. तोही नेहमीच्या तेलाऐवजी एमसीटी दिलं तेव्हा. रोजची फोडणी, पोळीवरचं तूप सगळं तसंच ठेवून वरून बाटली ओतली तर तो अर्धा किलोही विसरा. बाटलीवर हे कुठे लिहिलेलं नसतं.

बाटली म्हणून रिव्ह्यू द्यायचा तर: रंग नाही, वास नाही, चव नाही, थंडीतही गोठत नाही, कॉफीत छान मिसळतं, फेस तुपापेक्षा चांगला येतो. नुसतं प्यायलं तर घशाशी थोडं चरचरतं. अर्धा लिटरची बाटली मला हजाराच्या आसपास पडली, त्या पैशात दीड किलो चांगलं तूप येतं. सुरुवात एका लहान चमच्याने करा, प्लीज. उत्साहात पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घालून लोकलमध्ये चढलात तर ठाणे ते दादर हा आयुष्यातला सगळ्यात लांब प्रवास होईल, जास्त लिहीत नाही. पोटात मुरडा आणि जुलाब हा याचा सगळ्यात नेहमीचा साइड इफेक्ट आहे आणि पाकिटावर तो बारीक अक्षरात असतो. आणखी एक, हे तेल थर्माकोलच्या कपात घालू नका, तो मऊ पडून गळू शकतो. महाराष्ट्रात थर्माकोलचे कप 2018 पासून बंदच आहेत म्हणा, पण टपरीवर काय काय निघतं ते आपल्याला माहीत आहे.

आता सॅशे. इथे माझे पैसे गेले आणि इथेच मी सगळ्यात कमी स्टार देतोय, पाचपैकी एक, तोही पाकीट फाडायला सोपं होतं म्हणून. समोरच्या बाजूला गवताचं कुरण, गाय, केटो, झिरो शुगर. मागे घटकांची यादी. नियम असा आहे की यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं. माझ्या पाकिटावर एमसीटी पावडरच्या पुढे कंसात माल्टोडेक्सट्रिन होतं. तेलाची पावडर करायला काहीतरी धरून ठेवणारं लागतं, काही कंपन्या त्यासाठी बाभळीच्या जातीचा डिंक वापरतात ते ठीक आहे, पण माल्टोडेक्सट्रिन म्हणजे स्टार्चचे तुकडे, रक्तात साखर चढवायला ते साध्या साखरेच्या मागे नाही. लेबलवर साखरेच्या रकान्यात मात्र ते मोजलं जात नाही, एकूण कार्बोहायड्रेटचा आकडा बघायचा. ग्लुकोमीटरवर हाच सॅशे घरच्या तूप कॉफीपेक्षा चांगलाच वर गेला. चव म्हणाल तर दूध पावडरीत बुडवलेली इन्स्टंट कॉफी, तळाला गुठळ्या. कस्टमर केअरला मेल टाकला, उत्तर आलं की उत्पादन सर्व निकषांनुसार आहे, जय महाराष्ट्र.

ए2 गिर बिलोना वगैरे तुपाबद्दल पण विचारतात. 2024च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने (देशातल्या अन्न नियामक संस्थेने) ए1-ए2चे दावे लेबलवरून काढा म्हणून सांगितलं आणि पाच दिवसांत आदेश मागेही घेतला. पण साधा विचार करा, ए1-ए2 हा दुधातल्या प्रथिनाचा फरक आहे आणि तुपात प्रथिन जवळपास राहतच नाही. चवीसाठी घ्यायचं तर जरूर घ्या, चव खरंच वेगळी असते. चयापचयासाठी म्हणून तिप्पट पैसे देऊ नका.

कोलेस्टेरॉलबद्दल ट्रेनर बोलत नाहीत म्हणून मी बोलतो. दिवसाच्या कॅलरीत संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, 2000 कॅलरी खाणाऱ्याला ती साधारण 22 ग्रॅम बसते. एक टेबलस्पून तुपात आठ-नऊ ग्रॅम, एमसीटी तर सगळंच संपृक्त, म्हणजे 14. एका मगात दिवसाचा कोटा साफ, अजून वरणभातावरचं तूप बाकीच आहे. एमसीटीचा एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर, तुपाएवढा परिणाम दिसत नाही हे मान्य, पण तूप आणि खोबरेल दोन्हींनी एलडीएल वाढतं. त्यात कॉफी फ्रेंच प्रेसची किंवा उकळलेली असेल तर तिच्यातलं कॅफेस्टॉल (कॉफीच्या तेलातला एक घटक) आणखी भर घालतं, कागदाच्या फिल्टरमधून गाळली तर ते बरंचसं अडकतं. आधीच एलडीएल जास्त असेल, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर रोज नको. पित्ताशयात खडे असतील तर उपाशीपोटी एवढी चरबी म्हणजे दुखण्याला आमंत्रण. आणि डायबेटिसची जिच्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं अशी गोळी चालू असेल तर केटोच्या नादी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात लागू नका, त्यात साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन धोकादायक वाढू शकतात.

आणि हे तर भिंतीवर लिहून ठेवा, फास्टिंग ब्लड टेस्टला जाताना ही कॉफी प्यायची नाही. माझ्या ओळखीचे एक काका 'फास्टिंगच आहे की, इन्सुलिन कुठे वाढतं' म्हणून पिऊन गेले, ट्रायग्लिसराइड्सचा आकडा बघून घरात रडारड. चरबी प्यायल्यावर ती काही तास रक्तात फिरणारच, परत टेस्ट केली तेव्हा नीट आला.

अजून एक बारकं पण कामाचं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने 2020 मध्ये 29 जणांवर बघितलं, रात्री झोपमोड झालेली आणि सकाळी उठून आधी कडक काळी कॉफी, मग गोड पेय, तर साखर जवळपास निम्म्याने जास्त चढली. म्हणजे तान्हं बाळ असलेल्यांनी आणि नाइट शिफ्टवाल्यांनी कॉफी आधी आणि मग पोहे-जिलेबी असा क्रम ठेवू नये, आधी खाऊन घ्यावं. त्या प्रयोगात तूप नव्हतं, पण तूप घातल्याने कॉफीतलं कॅफीन काही नाहीसं होत नाही.

कॅफेत मिळते तिचं दोन ओळीत: पुण्यात-मुंबईत तीनशेच्या घरात, मशीनवर फेटल्यामुळे घरच्यापेक्षा फेस सरस, तूप कुठलं ते विचारलं तर पोऱ्याला माहीत नसतं. एकदा चाखायला ठीक.

मी काय ठेवलं ते सांगतो. रोजची कॉफी काळी, कागदी फिल्टरची. रविवारी ट्रेकला लवकर निघायचं असेल, मध्ये कुठे धड खायला मिळणार नसेल तेव्हा एक लहान चमचा तूप, त्यात किसलेलं जायफळ, आपल्या आज्या दुधाच्या कॉफीत घालायच्या तसं, आणि तुपाबरोबर तर ते काय फर्मास जमतं, हे एकाही अमेरिकनाला सुचलेलं नाही. सोबत दोन अंडी. घरच्या तूप कॉफीला चवीचे पाचपैकी चार, वजन कमी करण्याचे एक. एमसीटीला तीन, ते सुद्धा ज्यांना डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञाने कारण देऊन सांगितलंय त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी हजार रुपये वाचवा. सॅशे नकोच. फ्रॉदर मात्र दोन-तीनशेत मिळतो, पैसे वसूल, ताक घुसळायला पण चालतो, फक्त ताकात बुडवायच्या आधी चालू करू नका, भिंतभर शिंतोडे उडतात.